विमल, गारवा की थंडी?

विमल,

आज सकाळी बोरीवलीत थंडी पडली. थांब, लगेच नाक मुरडू नकोस. "ह्याला थंडी नाही म्हणत नले, ह्याला गारवा म्हणतात," हे तुझं वाक्य मला तोंडपाठ आहे. यंदा ते म्हणायला तू नाहीस, म्हणून मी बिनधास्त लिहितेय. थंडी पडली.

तू जाऊन दोन आठवडे होत आले. कालपर्यंत पंखा फुल स्पीडवर होता आणि आज पहाटे नॅशनल पार्काकडून वारा सुटला तो थेट पांघरुणात शिरला. उजाडायच्या आत सोसायटीच्या ग्रुपवर धुमाकूळ. सेक्रेटरी नानांनी गॅलरीतल्या थर्मामीटरचा फोटो टाकला. तळमजल्यावरच्या हंसाबेनने नातवाचा माकडटोपीतला फोटो टाकला. कुणीतरी लिहिलं, "अंधेरीवाल्यांनो, बघा आणि जळा." आणि त्याच भरात बी विंगमधल्या कुणीतरी सवयीने विचारलं, "विमलताईंचा निकाल काय?"

थोड्या वेळाने तो मेसेज पुसला गेला. पण मी वाचला होता. बहुतेक सगळ्यांनीच वाचला होता.

तुझा निकाल! दर वर्षी थंडीचा पहिला दिवस आला की तू तुझ्या तिसऱ्या मजल्याच्या गॅलरीत यायचीस. अंगावर शाल नाही, डोक्याला रुमाल नाही. खाली कंपाउंडमध्ये आम्ही सगळे कानात कापसाचे बोळे घालून वर बघत उभे. तू पार्काच्या दिशेने तोंड उघडून लांब श्वास सोडायचीस, हाऽऽ. तोंडातून वाफ दिसली तर थंडी, नाही दिसली तर गारवा, हा तुझा निफाडचा कायदा. आणि इतक्या वर्षांत बोरीवलीत वाफ एकदाही दिसली नाही. "गारवा!" असं वरून ओरडून तू चहा टाकायला आत जायचीस. खाली नाना धुसफुसायचे. पुण्याचे ना ते, निकाल द्यायचा हक्क आपला असं त्यांना वाटायचं.

परवा तुझ्या पुण्यानुमोदनाला तुझ्या सुजाताने मला बोलायला उभं केलं. "नलूमावशी, तू बोल. तुझ्याइतकं आईला कोण ओळखतं?" मी माईक हातात घेतला, आणि काय सांगू, जिच्या तोंडाचा पट्टा कधी बंद पडला नाही तिला शब्द फुटेना. समोर तुझा फोटो, मेणबत्त्या, पांढऱ्या साड्यांमधल्या तुझ्या गावच्या बायका. "विमल माझी मैत्रीण होती," एवढं म्हटलं आणि खाली बसले. तुला आवडलं असतं. "एकदाची गप्प झाली," म्हणाली असतीस. पण मला चैन पडेना. म्हणून आता लिहितेय, स्वयंपाकघरातल्या टेबलाशी, अंगात दोन स्वेटर घालून. हो, दोन. हस. आणि हाताला धुराचा वास येतोय, तो कशाचा ते सांगेन.

आपली ओळखच मुळी थंडीवरून झाली. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये मी नवीनच लागले होते. बाहेर मे महिना, रस्त्यावरचं डांबर चपलेला चिकटतंय, आणि आत मशीनसाठी एसी असा की बोटं आखडायची. आम्ही सगळ्या बायकांनी लॉकरमध्ये स्वेटर ठेवले होते. ऐन मे महिन्यात स्वेटर घालून आम्ही चहाला बाहेर यायचो तेव्हा टपरीवाला हसायचा. आणि आत तू एकटी सुती साडीत, जुहूला वारा खायला बसल्यासारखी. मला राहवलं नाही. "काय गो, तुका थंडी वाजना नाय?" मी विचारलं. तू कानावरचा हेडफोन सरकवून म्हणालीस, "मी निफाडची." एवढंच, आणि परत कामाला लागलीस.

डबा खाताना तू समजावलंस. तुमच्याकडे हिवाळ्यात द्राक्षांच्या बागांमध्ये शेकोट्या पेटवतात. मला वाटलं, राखणदारांसाठी असतील. तू म्हणालीस, "छे गं, द्राक्षांसाठी. थंडीनं मणी तडकतात ना." मी हसत सुटले. आमच्या मालवणात माणसाला शेकोटी लागत नाही आणि ह्यांच्या द्राक्षांना लागते! तू शांतपणे डब्याचं झाकण लावलंस. म्हणालीस, "तिकडं द्राक्षांसाठी जाळ, इकडं मशिनीसाठी गारठा. माणसाचं कोण बघतंय?" माझं हसू जागच्या जागी विरलं. दुसऱ्या दिवशी ड्यूटी लावणाऱ्या बाईंशी भांडून मी तुझ्या शेजारची खुर्ची मिळवली.

आणि मग आपलं जे भांडण सुरू झालं ते आजतागायत मिटलेलं नाही. डिसेंबर आला की तू तुझ्या भावाला फोन लावायचीस आणि मी माझ्या. मी विचारायचे, "बाबू, थंडी पडली काय रे?" तो म्हणायचा, "नाय गो अजून. मोहोर खंयच दिसना नाय." माझं तोंड एवढंसं व्हायचं. आमच्या आंब्याला थंडी हवी. थंडी नाही तर मोहोर नाही, आणि मोहोर नाही तर आंबा कुठला? शेजारच्या खुर्चीवर तू विचारायचीस, "रम्या, थंडी वाढली का रे?" आणि तो वाढली म्हणाला की तुझा घास घशाखाली उतरायचा नाही. वारा एकच गं! उत्तरेकडून निघालेला तो वारा निफाडला पोचला की तुझा जीव खालीवर, आणि तोच घाट उतरून खाली आला की माझ्या माहेरी सगळे खूश. "तुझ्या आंब्यापायी माझी द्राक्षं मारतेस व्हय?" तू म्हणायचीस. "आंबट तर असतात तुझी द्राक्षं, गेली तर गेली," मी म्हणायचे. तोंडाने भांडायचे, पण मनातून मी चकित व्हायचे. एकाच थंडीला एक बाई ये म्हणतेय, दुसरी जा म्हणतेय, आणि दोघी जेवतायत एकाच डब्यात. ह्यात खरं कोणाचं, ते मला अजून कळलेलं नाही.

एक गोष्ट मात्र तू माझ्याकडून मुकाट घ्यायचीस. कोकमाचं तेल. माझी वहिनी दर वर्षी त्याचा घट्ट गोळा पाठवते, आम्ही त्याला मुठेल म्हणतो. पळीत वितळवायचं आणि सोसवेल इतपत गरम असताना टाचांच्या भेगांत सोडायचं. तुझ्या त्या टाचा! कधी थंडी वाजत नाही म्हणून मिरवणाऱ्या बाईच्या टाचा अशा फुटलेल्या की तू चप्पल काढलीस की मला बघवायचं नाही. "शाळेत असल्यापासून अशाच आहेत," तू म्हणायचीस आणि विषय बदलायचीस.

रिटायर झालो त्या वर्षी जानेवारीत तू मला ओढतच गावी नेलंस. "चल, तुला थंडी दाखवते." मी दोन स्वेटर, शाल, पायमोजे, माकडटोपी असा सगळा जामानिमा घेतला. बस स्टँडवर तुझा रमेशभाऊ न्यायला आला होता. माझ्याकडे बघून त्याला वाटलं पाहुणी आजारी आहे.

दुसऱ्या दिवशी उजाडायच्या जरा आधी तू मला हलवून उठवलंस आणि बांधावर नेऊन उभं केलंस. "बघ," म्हणालीस.

विमल, तो देखावा मी मरेपर्यंत विसरायची नाही. नजर जाईल तिथवर द्राक्षांचे मांडव, आणि ओळीओळीत शेकोट्या. जाळ कुठेच मोठा नव्हता. इथे जरा लाल, तिथे नुसती धग. पण धूर! ओल्या पाल्याचा पांढरा धूर वर जायचं नावच घेत नव्हता. मांडवांवर पसरून पडला होता, ह्या बागेवरून त्या बागेवर, त्या बागेवरून पलीकडच्या, सगळं शिवार एका पांघरुणाखाली. वर आभाळ स्वच्छ, चांदण्या अजून विझायच्या होत्या. धुरात मधूनच एखादं माणूस वाकलेलं दिसायचं, पाला टाकायचं आणि पुढे सरकायचं. कुणी बोलत नव्हतं. माझे दात वाजत होते, तरी मी डोक्यावरची टोपी काढली. का काढली, कोण जाणे. तोंडात बोट घालायची वेळ माझ्यावर आयुष्यात फार आलेली नाही, पण त्या दिवशी मी आ वासून उभी होते.

आणि तोंड उघडंच आहे म्हटल्यावर मी बोलले. "जाळ जरा मोठा करा ना, बरं वाटेल." रमेशभाऊ हसला. तू म्हणालीस, "जाळ बघायला असतो नले. पांघरायला धूर लागतो." मला नाही पटलं. धूर म्हणजे डोळ्यांची वाट आणि छातीत खोकला. शेकोटी म्हणजे जाळच. हे आपलं दुसरं भांडण. तेही राहिलंच.

मग तिथेच उभ्या उभ्या तू सांगितलंस. तुझ्या लहानपणी ह्या बागा दुसऱ्यांच्या होत्या. थंडी वाढली की तुझ्या वडिलांना बोलावणं यायचं आणि ते तुम्हा पोरांनाही बरोबर न्यायचे. पायात काही नाही. एक शेकोटी लावायची, पाला टाकून धूर करायचा, की पुढची. "पुढून पोट भाजायचं आणि मागून पाठ गोठायची," तू म्हणालीस. बसायचं मात्र नाही. बसलं की डोळा लागतो, डोळा लागला की शेकोटी विझते, आणि मणी तडकले की बोलणी वडिलांना. म्हणून ते लांबून ओरडायचे, "विमे, बसू नको! पुढची पेटव!" उजाडलं की तशाच पायांनी शाळेत.

मी विचारलं, "आणि तुम्ही कधी शेकायचात?"

तू खरंच विचार केलास. आठवून बघितलंस. "शेकायचं?" म्हणालीस, "ते काय आमच्यासाठी होतं थोडंच." आवाजात राग नाही, रडगाणं नाही. तेवढ्यात तुझं लक्ष कोपऱ्याकडे गेलं. "रम्या, वरच्या कोपऱ्यातली विझतीय रे!" आणि साडी वर खोचून, त्या फुटक्या टाचांनी, तू ढेकळांतून धावत सुटलीस. आता ती बाग तुमची स्वतःची होती, रमेशभाऊने हिमतीने उभी केलेली. बसली असतीस तर कुणी काही बोललं नसतं. तरी तू बसली नाहीस. मी बघत राहिले. ह्या बाईबरोबर मी जन्मभर डबा खाल्ला आणि मला वाटत होतं हिला थंडी वाजत नाही. वाजत होती गं तुला. सगळ्यांसारखीच वाजत होती, तू फक्त कुणाला बोलली नव्हतीस.

उजाडलं तेव्हा तू परत आलीस, गालाला राख लागलेली, आणि माझ्या तोंडासमोर हाऽऽ केलंस. वाफ! दाट, पांढरीशुभ्र. "ही थंडी," म्हणालीस. मग मी केलं. माझ्या तोंडातून वाफ, मालवणच्या नलिनीच्या! आपण दोघी एकमेकींच्या तोंडावर वाफा सोडत हसत बसलो. रमेशभाऊची सून चहा घेऊन आली आणि दोन म्हाताऱ्यांना वेड लागलंय असं बघून कप ठेवून निघून गेली.

त्यानंतर तुला चेव चढला. जगातली थंडी तपासायलाच निघालीस जशी. सुजाता केव्हाची कॅनडाला बोलावत होती, उन्हाळ्यात ये म्हणून. तू म्हणालीस, येईन तर हिवाळ्यातच. परत आलीस तेव्हा सगळी सोसायटी कंपाउंडमध्ये हजर. नानांनी विचारलं, "काय विमलताई, निकाल?" तू बॅग खाली ठेवलीस आणि म्हणालीस, "तिकडं घरात थंडीच नाही. बनियनवर बसतात. चपला ठेवतात तशी थंडी दाराबाहेर ठेवतात. असली थंडी काय कामाची?" सगळे खो खो हसले. मागच्या गेटचा वॉचमन यादव तर फारच खूश झाला. "हम तो पहले से बोल रहे हैं आंटी, ठंड देखनी है तो छपरा आइए. हमारे यहाँ रजाई के अंदर कुल्फी जम जाती है."

पण संध्याकाळी मी तुझ्या टाचांना मुठेल लावत होते तेव्हा तू हळूच म्हणालीस, "नले, एक सांगू? कुणाला बोलू नको. एक दिवस सुजाता कामावर गेल्यावर मी एकटीच मागच्या अंगणात गेले. बर्फ पडून गेलेलं. ऊन लख्ख, पण त्या उन्हाला ऊबच नाही. हाऽऽ केलं, तर वाफ वर आली आणि पापण्यांवर गोठून बसली. आवाज नाही गं कसलाच. कुत्रं नाही, पाखरू नाही. मी म्हटलं, बाप रे. इथं निफाडच्या सगळ्या शेकोट्या आणल्या, माझ्या बापाला आणलं, तरी पुरायचं नाही. मी लई लहान झाले गं त्या अंगणात. आणि बरं वाटलं." तुझ्या डोळ्यांत पाणी होतं, आणि ते दुःखाचं नव्हतं. मी कुणाला बोलले नाही. आज पहिल्यांदा लिहितेय, रागावू नकोस.

मग यंदाचा पावसाळा सरला आणि तुझ्या किडन्यांनी दगा दिला. डायलिसिस, सुया, पथ्यं. ते सगळं तू सोसलंस. पण ऑक्टोबरात एक दिवस मी तुझ्या खोलीत आले. बाहेर अंगाची लाही होत होती, आणि तू दोन रजया अंगावर घेऊन कुडकुडत होतीस. तू! "नले," तू म्हणालीस, "हाडात गारठा शिरलाय गं. काहीतरी कर." इतक्या वर्षांत तू माझ्याकडे काही मागितलं नव्हतंस. कोकमाचं तेलसुद्धा मीच तुझ्यावर लादायचे. आणि मागितलंस ते एवढंच, ऊब. मी मनाशी म्हटलं, नलिनी, काय वाट्टेल ते कर, पण हिला एकदा ऊब मिळाली पाहिजे.

झालं, मी सोसायटीभर दवंडी पिटली. मग जो तो आपापल्या गावचा हिवाळा घेऊन तुझ्या खोलीत हजर. हंसाबेन डिंकाचा गुंदरपाक घेऊन आली. डॉक्टर नको म्हणाले, तर तिने तव्यावर मीठ गरम करून त्याची पुरचुंडी तुझ्या पायांशी ठेवली आणि जाता जाता बजावलं, "अमारे कच्छमां आ ज करे." यादव मातीच्या बोरसीत निखारे घेऊन वर आला, त्याच्या गावी म्हणे खाटेखाली ठेवतात. नाना ओरडले, "अहो, बंद खोलीत कोळसे? गुदमरून मारताय की काय?" आणि स्वतः आईच्या वेळचं घोंगडं घेऊन आले, वर "पुण्यात ह्यावर दुसरं काही लागत नाही" हे भाषण. सुजाताने कॅनडाहून विजेचं ब्लँकेट पाठवलं. आमच्या ह्यांनी मोठ्या उत्साहाने त्याला इथली पिन बसवली आणि बटण दाबलं. फट्! तिकडची वीज वेगळी असते म्हणे. जळका वास सुटला, आख्खी विंग अंधारात. त्या अंधारात रजईखालून तुझा आवाज आला, "बघ. तिकडची ऊबपण कामाची नाही."

कुडकुडत होतीस, तरी प्रत्येकाला निकाल दिलास. गुजरात पास. बिहार पुन्हा परीक्षेला बसा. पुणे काठावर. मी टाचांना मुठेल लावत होते, मला म्हणालीस, "कोकण नेहमीच पास, पण वर गुडघ्यापर्यंत पोचत नाही गं." सगळे हसत बाहेर पडायचे आणि जिन्यात डोळे पुसायचे. मी ते बघितलंय. आणि मी थक्क व्हायचे. ज्या बाईने जन्मभर ह्या सगळ्यांच्या थंडीची टर उडवली, तिच्यासाठी हे सगळे आपापल्या आयांचे उपाय आठवून आठवून आणत होते. पण तू मात्र थंडच राहिलीस.

नोव्हेंबरात सुजाता आली. त्याच सुमारास एकदा तू म्हणालीस, "नले, मला खाली ने. शेकोटी कर. उजाडताना."

नाना आडवे आले. "नलिनीताई, हवा बघताय ना कशी आहे? उघड्यावर जाळायला बंदी आहे. नियम म्हणजे नियम." मी पदर खोचला. म्हटलं, "नाना, होळी नाही करत, चार काटक्या. ती काय रोज मागतेय?" ते पाठ फिरवून निघून गेले. मला वाटलं, गेला बाबा तक्रार करायला. तर गच्चीच्या कामाला आणलेलं लोखंडी घमेलं घेऊन खाली आले. "ह्यात करा," म्हणाले, "आणि पाण्याची बादली जवळ ठेवा."

पार्काच्या भिंतीला लागून आम्ही तुझी व्हीलचेअर लावली. मी नारळाची सोडणं रचून असा सुरेख जाळ केला की मालवणात बक्षीस मिळालं असतं. तू बघितलंस आणि मान हलवलीस. "जाळ नको. धूर कर."

शेवटपर्यंत भांडलीस बघ. मी सुजाताकडे पाहिलं. तिने डोळ्यांनीच हो म्हटलं. मी झाडाखालचा ओला पाला गोळा करून वर टाकला. वारा पडलेला होता. धूर वर गेलाच नाही, हळूहळू खालीच पसरला, तुझ्या पायांवरून, घोंगडीवरून, केसांवरून. नाना कानात बोळे घालून खोकत होते. हंसाबेनच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी, धुराचं की कशाचं, तिलाच माहीत. मला वाटलं आता तुला ठसका लागणार, आता सगळं बंद करावं लागणार. तू डोळे मिटलेस. आणि मग तुझे हात घोंगडीतून बाहेर आले. दोन्ही. उघडे, मांडीवर. थरथरत नव्हते.

"आली," तू म्हणालीस. "ऊब आली."

मला अजून कळत नाही गं. त्या धुरात कसली ऊब होती? डॉक्टरला विचारलं तर तो म्हणेल, शक्य नाही. पण मी तुझा हात हातात घेऊन पाहिला. कोमट होता, विमल. मी खोटं सांगत नाही, सुजातालाही हात लावायला सांगितला. आणि तेव्हा माझ्या लक्षात आलं, तू शेकोटीपाशी बसली होतीस. आयुष्यात पहिल्यांदा, काही काम न करता, दुसऱ्या कुणी लावलेल्या शेकोटीपाशी. जे मी मागत होते ते मिळालं होतं. मला हात जोडावेसे वाटले, पण कोणाला जोडायचे ते कळेना.

थोड्या वेळाने तू डोळे उघडलेस. आम्ही सगळे घमेल्याभोवती बूड टेकून आरामात बसलो होतो. तुझी नजर आमच्यावरून फिरून मागच्या गेटाकडे गेली. "नले, बसलीस काय?" तू म्हणालीस. "पुढची पेटव."

मला वाटलं, तुझं भान सुटतंय, तू निफाडला पोचलीस. मी "हो हो, पेटवते" म्हणून तुझा हात थोपटला. नंतर तू फारसं बोललीच नाहीस. चार दिवसांनी गेलीस.

आज तो मेसेज पुसला गेल्यावर मी उठले. सुजाताकडून किल्ली घेतली आणि तुझ्या गॅलरीत गेले. कुणीतरी निकाल द्यायला हवा ना. पार्काकडे तोंड करून मी हाऽऽ केलं. काही नाही. अजून एकदा केलं. वाफ नाही. "गारवा," मी म्हटलं, पण ओरडायला जमलं नाही. खाली कुणाला ऐकू गेलं नसणार.

मग खाली आले आणि घमेलं काढलं. नाना माकडटोपी घालून उभेच होते. आता नियम सांगणार, म्हणून मी तयारीत होते. त्यांनी खिशातून काडेपेटी काढून माझ्या हातावर ठेवली. मी काटक्या पेटवल्या, जाळ जरासा उठला, आणि मी ओला पाला टाकला. हो विमल, धूर केला. तू जिंकलीस असं समजू नकोस, भांडण अजून चालू आहे. एकेक करून माणसं आली. कुणी तुझं नाव घेतलं नाही, पण कुणी घरीही गेलं नाही. हंसाबेनने माझ्यासाठी खुर्ची आणली. "बेसो ने, नलिनीबेन."

मी बसणारच होते. पाय दुखत होते गं, खोटं कशाला बोलू. खुर्चीच्या पाठीला हात लावला आणि नजर मागच्या गेटाकडे गेली. केबिनमध्ये यादव गुडघे पोटाशी घेऊन बसला होता, डोक्यावरून टॉवेल गुंडाळून. त्या दिवशीही तो तिथेच तसाच बसला असणार. आम्ही सगळे तुझ्याकडे बघत होतो, म्हणून आम्हाला दिसला नव्हता. तुला दिसला होता. तुझं भान सुटलं नव्हतं, विमल. आमच्यात भानावर तूच होतीस.

मी एका पत्र्यावर निखारे घेतले आणि गेटापाशी गेले. "अरे आंटी, ये कोई ठंड है? हमारे छपरा में तो..." असं म्हणताना त्याचे दात वाजत होते. मी म्हटलं, "चूप बैठ." काटक्या लावल्या, पाला टाकला, ओणवी होऊन फुंकर मारली. मान वर केली तर माझ्या तोंडासमोर काहीतरी पांढरं, क्षणभरच. धूर होता की वाफ? तू असतीस तर एका नजरेत सांगितलं असतंस. मी यादवला विचारलं, "क्या था ये?" तो म्हणाला, "धुआँ है आंटी, और क्या." त्याला काय कळतंय!

गेटाबाहेर रस्ता झाडणाऱ्या दोन बायका झाडू काखेत धरून हात चोळत उभ्या होत्या. मागून हंसाबेन परत हाका मारत होती, खुर्ची रिकामीच आहे म्हणून.

विमल, मी बसले नाही.